जबड्याच्या ऑपरेशननंतरची राखण

या पानावर मी एरवी तुमच्याशी बीजप्रक्रिया, ठिबक, हुमणी, लष्करी अळी असल्या गोष्टी बोलतो. आजचा विषय शेतीचा नाही, जबड्याचा आहे. कृषी पदविका घेतलेल्या माणसानं डॉक्टरकी कशाला सांगावी, असं तुमच्या मनात येईल. ते रास्तच आहे. कोणतं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही, तो अधिकार माझा नव्हे. पण गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडलं त्यात डॉक्टरांची विद्या कमी पडली नाही. कमी पडलो आम्ही घरचे, आणि त्यातही मी. तीच चूक दुसऱ्या घरात होऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

अण्णा म्हणजे माझे सख्खे चुलते. वय साठीच्या आसपास. खालच्या जबड्यातली एक दाढ किडून दहा-बारा वर्षं तशीच होती. ठणका लागला की लवंगेचं तेल, नाहीतर मेडिकलमधली एखादी गोळी. पुढं ठणका आपोआप थांबला. घरातले सगळे म्हणाले, बरं झालं. खरं तर दाढ बरी झाली नव्हती, आतून मेली होती. अशा मेलेल्या दाताच्या मुळाशी हाडात पाण्याची पिशवी धरते आणि सावकाश वाढत राहते. डॉक्टर तिला सिस्ट म्हणतात. कधी ती न उगवलेल्या अक्कलदाढेभोवतीही धरते. ती बहुधा दुखत नाही, म्हणून कळतही नाही. अण्णांचा गाल बाहेरून किंचित फुगलेला दिसला तेव्हा एक्स-रे काढला, तर जबड्याच्या हाडात सुपारीपेक्षा मोठी पोकळी!

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दाढ काढली, पिशवी अख्खी सोलून बाहेर काढून तपासणीला पाठवली, पोकळीत कृत्रिम हाडाची भुकटी भरली आणि वरून टाके घातले. दोन दिवसांनी घरी सोडलं. सोडताना एक कागद दिला. तो मी घेतला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरू लागली. अण्णा म्हणाले, "अरं, सूज उतरली, आता गोळ्या कशाला खायच्या? पोटात आग पडती." मी म्हटलं, "बघा अण्णा, तुम्हाला बरं वाटत असेल तर राहू द्या." चौथ्या दिवशी त्यांनी तंबाखूची चिमूट दुसऱ्या बाजूच्या गालात धरली. पाचव्या दिवशी कारखान्याची तोड आली आणि अण्णा फडावर उभे राहिले. सातव्या दिवशी दाखवायला जायचं होतं, ते तोडीत राहून गेलं. नवव्या दिवशी तोंडाला घाण चव येऊ लागली आणि जिभेवर वाळूसारखे कण लागायला लागले. "जेवणात खडा आला असंल," असं म्हणून तेही सोडून दिलं. मग मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणल्या. बाराव्या दिवशी गाल टरारून फुगला, ताप चढला, तोंडात दोन बोटं जाईनात. रात्री गाडी करून रुग्णालय गाठलं.

टाके उघडून आत भरलेली भुकटी सगळी धुऊन काढावी लागली. पाच दिवस शिरेतून औषध, नंतर कित्येक आठवडे पोकळीत औषधाची पट्टी भरायची आणि बदलायची. जबडा वाचला, एवढंच समाधान. पण खर्च दुप्पट, त्रास तिप्पट, आणि ज्यासाठी भुकटी भरली होती ते काम झालंच नाही.

गावात बोलणं सुरू झालं, "ती पावडरच बाधली." मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "नेमकं कशानं झालं हे छातीठोक सांगता येणार नाही. सगळी काळजी घेऊनही काहींना संसर्ग होतो. पण तुम्ही दारं किती उघडी ठेवली ते बघा. कागद वाचला होता का?" मी खिशात हात घातला. मी गावोगाव माहितीपत्रकं वाटणारा माणूस. शेतकरी पत्रक वाचत नाहीत, पुड्या बांधायला वापरतात, अशी तक्रार करणारा. आणि मलाच मिळालेलं पत्रक मी वाचलं नव्हतं.

ही भुकटी म्हणजे काय?

पिशवी काढल्यावर हाडात खळगा राहतो. त्यात रक्त साकळतं आणि पुढं त्याच जागी हळूहळू नवं हाड धरतं. खळगा लहान असेल तर बहुधा काही न भरताही तो आपला आपण भरून येतो. मोठा असेल, हाड पातळ झालं असेल किंवा पुढं तिथं दात बसवायचा असेल, तर काही डॉक्टर त्यात हाडाला पर्यायी पदार्थ भरतात. दर वेळी तो लागतोच असं नाही, म्हणून "भरणं गरजेचं आहे का?" हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारण्यात काही वावगं नाही.

हा पदार्थ बहुतेक वेळा कॅल्शियम आणि फॉस्फेटचा असतो. ही दोन्ही नावं तुम्हाला खताच्या पोत्यावरून माहीत आहेत. काही प्रकार कारखान्यात तयार होतात, तर काही गोवंशाच्या हाडांवर प्रक्रिया करून केलेले असतात. ज्यांना त्याबद्दल मनात अडचण असेल त्यांनी आधीच विचारावं. दुसरा पर्याय मिळू शकतो. कल्पना तशी जुनी आहे. १८९२ साली ड्रेसमान या जर्मन शल्यविशारदानं हाडातल्या पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसनं भरल्या होत्या, आणि त्यात जंतुनाशक कार्बोलिक आम्ल मिसळलं होतं. म्हणजे जंतूंची धास्ती तेव्हापासूनच होती.

धास्ती कशाची, ते नीट समजून घ्या. आपलं जिवंत हाड रक्तावर पोसलेलं असतं. जंतू आले तर रक्तातून शरीराचे राखणदार धावून येतात, आणि गोळीचं औषधही रक्तातूनच तिथं पोचतं. भरलेल्या भुकटीत सुरुवातीला रक्तवाहिनी नसते. ती आजूबाजूच्या हाडातून हळूहळू आत शिरते, त्याला आठवडे लागतात. तोवर तो कोरडवाहू तुकडा आहे असं समजा. तिथं जंतूंनी ठाण मांडलं की कणाकणावर त्यांचा चिकट थर धरतो. त्या थरापर्यंत औषध पुरेसं पोचत नाही. म्हणून एकदा संसर्ग मुरला की नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, पुष्कळदा भुकटी काढावीच लागते.

आणि जंतू लांबून यावे लागत नाहीत. आपल्या तोंडात, लाळेत, दातावरच्या किटणात ते कायम असतात. भुकटी आणि लाळ यांच्यामध्ये फक्त टाके घातलेली हिरडी असते. तीच कुंपण. कुंपणाला भगदाड पडलं की गुरं आत शिरणारच. टाके उसवू न देणं आणि जखम स्वच्छ ठेवणं, एवढ्यावर बरंचसं यश अवलंबून असतं.

राखण ऑपरेशनच्या आधीपासून

जंतुविरहित हत्यारं, ऑपरेशनआधी द्यायचा औषधाचा डोस, भुकटीवर हिरडी ताण न येता नीट शिवणं, ही डॉक्टरांची कामं. ती त्यांनी चोख करावीत. आपल्याकडची कामं वेगळी आहेत.

साखरेचा आजार असेल तर तो लपवू नका. साखर वाढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंचं फावतं. तपासणी करून, साखर आटोक्यात आणूनच ऑपरेशनची तारीख घ्या. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, किंवा पूर्वी एखाद्या औषधानं अंगावर पित्त उठलं असेल, तर तेही सांगा. हाड ठिसूळ होऊ नये म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या घेतल्या असतील तर ते मुद्दाम सांगा, कारण त्यांचा जबड्याच्या हाडाशी संबंध येतो. बाकीचे किडलेले दात, हिरड्यांचा पू यांवर आधी इलाज करून घ्या. शेजारच्या वावरात रोग ठेवून आपलं रान निरोगी राहत नाही.

आणि तंबाखू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचं आढळलं होतं. आपल्या बायाबापड्यांची मशेरीही तंबाखूच आहे, ती दंतमंजन नव्हे. तंबाखूनं जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि भुकटीला तर त्या रक्ताचीच वाट बघायची असते. "दुसऱ्या गालात धरतो" या म्हणण्याला अर्थ नाही, कारण रस सगळ्या तोंडात फिरतो आणि निकोटिन रक्तात जातं. ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून आणि जखम पूर्ण भरेपर्यंत तंबाखू, मशेरी, गुटखा, विडी बंद. कायमची सुटली तर सोन्याहून पिवळं.

घरी आल्यावर

पहिले चोवीस तास जोरात चूळ भरायची नाही, पिचकारी मारल्यासारखं थुंकायचं नाही. साकळलेलं रक्त जागचं हलता कामा नये. दुसऱ्या दिवसापासून, डॉक्टरांनी सांगितलं असेल त्याप्रमाणे, कोमट मिठाच्या पाण्यानं किंवा लिहून दिलेल्या औषधी पाण्यानं हलक्या हातानं चूळ. पाणी तोंडात घ्यावं, मान इकडून तिकडे कलवावी आणि तोंडातून नुसतं ओघळू द्यावं. बाकीचे दात मऊ ब्रशनं रोज घासायचे, टाक्यांच्या जागी ब्रश लावायचा नाही. दुखतं म्हणून तोंड अस्वच्छ ठेवणं हे जंतूंना आवतण देणं आहे.

खाणं मऊ आणि कोमट. मऊ भात, पातळ आमटी, ताक, दूध, अंडं, नाचणीची आंबील. कडक भाकरी, फुटाणे, शेंगदाणे, ऊस चघळणं काही दिवस विसरा. अन्नाचा कण टाक्यात रुतला तर काडीनं किंवा नखानं टोकरू नका. जीभही तिकडे सारखी लावू नका. ऑपरेशन वरच्या जबड्याचं असेल तर डॉक्टर सांगतील तोवर नाक जोरात शिंकरू नका. तिथं नाकाशेजारची हाडातली पोकळी जवळ असते आणि दाबानं जखम उघडू शकते. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका.

जडशीळ काम काही दिवस बंद. पोती उचलणं, फवारणीचा पंप पाठीवर घेणं, उन्हात फडावर उभं राहणं हे नको. तारीख ठरवताना हंगाम बघून ठरवा. आम्ही तोडणीच्या तोंडावर ऑपरेशन घेतलं, तिथंच निम्मी चूक झाली.

गालावर हळद-चुन्याचा लेप, गरम विटेचा शेक, जखमेत तुरटी किंवा तंबाखूची राख, यातलं काहीही करू नका. आजीचा हात मायेचा असतो हे मला मान्य आहे. पण उघड्या हाडावर तो चालवायचा नाही.

गोळ्यांचा हिशेब

डाळिंबाच्या तेल्यावर स्ट्रेप्टोसायक्लिन फवारणाऱ्याला प्रतिजैविक हा शब्द नवा नाही. आणि २०१७ साली बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यात काय केलं तेही आपण विसरलेलो नाही. बियाण्याबरोबर आलेली बिगर-बीटीची पाकिटं आपण बांधावर टाकून दिली, अळी बीटीला सरावली आणि औषध निकामी झालं. जंतूंचंही तसंच आहे. पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणातच हा इशारा दिला होता की अपुऱ्या डोसानं जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला निगरगट्ट होतील.

म्हणून नियम सोपा आहे. जितक्या दिवसांच्या लिहून दिल्या तितक्याच दिवस घ्यायच्या. मनानं कमी नाही आणि "अजून चार दिवस घेतो" असं मनानं जास्तही नाही. पोटात जळजळ झाली तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन. अंगावर पुरळ उठलं, दम लागला तर मात्र गोळी थांबवून लगेच दवाखाना. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या, शेजाऱ्याच्या गोळ्या, चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या, या सगळ्या टाळा. पाकिटावरच्या लाल रेघेचा अर्थ चिठ्ठीशिवाय घेऊ नका असा आहे, आणि केंद्र सरकारनं २०१६ साली त्याची मोहीमही चालवली होती. आम्ही मेडिकलमधून आणलेल्या त्या दोन दिवसांच्या गोळ्यांनी आतला पू बरा झाला नाही. दुखणं फक्त दोन दिवस दबलं, आणि तेच दोन दिवस महागात पडले.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

ऑपरेशननंतर सूज येतेच. ती दोन-तीन दिवस वाढते आणि मग उतरायला लागते. उतरायला लागलेली सूज पुन्हा वाढली किंवा तिसऱ्या दिवसानंतरही वाढतच राहिली, ठणका रोज वाढू लागला, ताप आला, तोंडाला घाण चव किंवा वास येऊ लागला, टाक्यातून पू दिसला, जिभेवर वाळूसारखे कण आले, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे जा. कण दिसणं म्हणजे कुंपण फुटलं आहे.

जिभेखाली किंवा हनुवटीखाली सूज उतरली, गिळता येईना, लाळ गळू लागली, आवाज बदलला, श्वासाला त्रास झाला, तर सकाळची एसटी बघत बसू नका. रात्री दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करा. ही सूज श्वासनलिका दाबू शकते आणि माणूस काही तासांत जाऊ शकतो.

आणि सगळं छान असलं तरीही सांगितलेल्या तारखेला जायचंच. त्या दिवशी टाके बघतात, पिशवीच्या तपासणीचा अहवालही समजावून देतात. काही प्रकारच्या पिशव्या पुन्हा धरतात, म्हणून तो अहवाल जपून ठेवावा. हाड भरून यायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. मधूनमधून एक्स-रे काढून बघावं लागतं. उगवण झाली म्हणजे पीक हाती आलं असं आपण म्हणतो का?

गावानं काय करावं?

आता थोडं कारभाऱ्यांशी आणि अधिकाऱ्यांशी बोलतो. आम्हाला मिळालेला कागद इंग्रजीत होता. मी पदविकावाला असूनही तो वाचायचा कंटाळा केला, मग चौथी शिकलेल्या अण्णांनी काय करावं? माझ्या चुकीवर मी पांघरूण घालत नाही. पण मराठी मुलखातल्या रुग्णाला सुट्टीच्या वेळी सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात मिळाल्या पाहिजेत. कोणी तरी त्या वाचून दाखवल्या पाहिजेत आणि "आता तुम्ही मला सांगा, घरी काय करणार?" असं रुग्णाच्या तोंडून वदवून घेतलं पाहिजे. कीटकनाशकाच्या डब्यावर मराठीतली माहितीपत्रिका आपण हक्कानं मागतो. आपल्या जबड्याची माहिती तशीच हक्कानं मागावी. तोवर इंग्रजी कागद मिळाला तर तो त्याच दिवशी आशाताईंना, उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा शाळेतल्या गुरुजींना दाखवून मराठीत उतरवून घ्या आणि भिंतीवर चिकटवा.

गावच्या आरोग्य समितीनं एक साधी वही ठेवावी. गावातून कोणाचं ऑपरेशन झालं, पुन्हा दाखवायची तारीख कोणती, सोबत कोण जाणार, एवढंच त्यात लिहायचं. बँकेच्या हप्त्याची तारीख आपल्याला सांगायला लोक घरी येतात, मग टाके दाखवायची तारीख कोणी तरी आठवण करून द्यायला काय हरकत आहे? सरपंचांनी आणि ज्यांना आपण अजून ग्रामसेवक म्हणतो त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय येत्या ग्रामसभेत घ्यावा. त्याच सभेत गुटख्याचाही घ्यावा. राज्यात बंदी २०१२ सालापासून आहे, आणि पुडी कोणत्या टपरीवर मिळते हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात आधी दाखवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच विचारा.

आणि मुळावरच घाव घालायचा तर किडलेली दाढ वेळेत दाखवा. ठणका आपोआप थांबला म्हणून खूश होऊ नका.

अण्णा आता बरे आहेत. परवाच्या एक्स-रेत हाड कडेनं धरू लागल्याचं दिसलं. तंबाखूची डबी त्यांनी काकूंकडे दिली आहे. काकू म्हणतात, अजून अधूनमधून मागतात, पण मी देत नाही. तो इंग्रजी कागद मी मराठीत उतरवून माझ्या पिशवीत ठेवला आहे, माहितीपत्रकांच्या वरच. तुमच्या घरी कोणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर बांधावर भेटाल तेव्हा मागून घ्या. त्यावर आपल्या डॉक्टरांकडून आपल्या रुग्णापुरते बदल करून घ्या, आणि मेहेरबानी करून घडी घालून खिशात ठेवू नका.